कोशातील नोंद आणि तिचे साक्षीदार

हिंगोली शहरापासून काही कोसांवर, कयाधू नदीच्या काठी, नरसी नावाचे गाव आहे. पूर्वी त्यास नरसी बामणी म्हणत. आज लोक नरसी नामदेव म्हणतात. आषाढीची वारी करून परतणारी मंडळी वद्य एकादशीस तेथे परतवारीसाठी जमतात. त्या गर्दीतील एखाद्या वारकऱ्यास नामदेवांचा जन्म कोठे झाला असे कोणी विचारले, तर विचारणारा परमुलखातून आला असला पाहिजे, असेच तो समजेल. ज्या गावाने आपल्या नावास संताचे नाव जोडून घेतले, त्या गावापुरता हा प्रश्न केव्हाच सुटलेला आहे.

कोशकारापुढे मात्र तो सुटलेला नाही. कोशकारास जन्मस्थळ एका ओळीत लिहावयाचे असते, आणि त्या एका ओळीस आधार काय, असे विचारणारा वाचक त्याच्या पाठीशी उभा असतो. पंढरपूरचा अभिमानी म्हणतो की, नामदेव पंढरीतच जन्मले. घराणे नरसीचे असेल, पण बाळंतपण चंद्रभागेच्या काठचे. आणखी एक पक्ष असा की, परंपरेतील नरसी बामणी हे मराठवाड्यातील नव्हेच, ते कृष्णाकाठी कऱ्हाडच्या आसपास शोधावे. तिन्ही पक्षांपाशी ग्रंथ आहेत आणि तिन्ही पक्षांत विद्वानही आहेत. मग नोंदीत लिहावयाचे काय?

हा प्रश्न केवळ नरसीचा असता तर त्यासाठी एवढा वेळ खर्च करण्याचे प्रयोजन नव्हते. परंतु आज घरोघरी मुले शाळेचा निबंध लिहावयास बसली की कपाटातील कोश काढीत नाहीत. संगणकावर वा हातातील दूरध्वनीवर विकिपीडिया उघडतात. तो कोश कोणा एका संपादकाचा नाही. ज्यास इच्छा होईल त्याने लिहावे आणि ज्यास पटणार नाही त्याने ते बदलावे, अशी त्याची रचना आहे. त्यामुळे जो वाद पूर्वी पुण्याच्या वा नागपूरच्या दहापाच पंडितांत, मासिकांच्या पानांवर, सावकाशीने चाले, तो आता रात्रीबेरात्री सहस्रावधी अनोळखी माणसांत चालतो. वादाचे मूळ मात्र जुनेच आहे. साक्षीदार कोण, तो केव्हाचा आणि कोणाचा, हेच ते मूळ.

नामदेवांपुरते हे साक्षीदार एकदा तपासून पाहिले म्हणजे कोशकाराची अडचण स्पष्ट होते. त्यांचा जन्म शके ११९२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२७० साली झाला, असे बहुतेक ठिकाणी छापलेले आढळते. हा आकडा कोणत्याही शिलालेखावरून अथवा ताम्रपटावरून आलेला नाही. तो गाथेतील एका अभंगावरून आला, आणि त्या अभंगात नामदेव स्वतःच आपली जन्मकथा सांगत आहेत असे दिसते. स्वतःच्या जन्माविषयीची साक्ष ही नेहमीच ऐकीव साक्ष असते, हे कोर्टातला कारकूनही सांगेल. शिवाय तो अभंग नामदेवांचा, की पुढे त्यांच्या नावाने दुसऱ्याच कोणी रचलेला, हा निराळाच वाद आहे. सोळाव्या शतकात विष्णुदास नामा नावाचा दुसरा एक मोठा कवी होऊन गेला. त्याच्या आणि इतर नामाभिधानी कवींच्या रचना मूळ नामदेवांच्या गाथेत मिसळून गेल्या, आणि त्या निवडून वेगळ्या करणे हे तांदळातील खडे निवडण्याइतके सोपे नाही.

दुसरा साक्षीदार महिपतीबुवा ताहराबादकर. त्यांचा भक्तिविजय १७६२ साली पूर्ण झाला. म्हणजे नामदेवांच्या समाधीचे रूढ वर्ष १३५० धरले, तरी मध्ये चारशेंहून अधिक वर्षे लोटली. महिपतींच्या कथेत दामाशेटीस बाळ नामदेव भीमेच्या पात्रात शिंपल्यात सापडतात. तिसरा साक्षीदार उत्तरेकडचा. नाभादासांच्या भक्तमालावर प्रियादासांनी १७१२ साली टीका लिहिली. तीत नामदेव हे वामदेव नावाच्या भक्ताच्या विधवा कन्येचे, देवाच्या कृपेने झालेले पुत्र आहेत. श्रद्धेच्या दृष्टीने या दोन्ही कथा सुंदर आहेत. परंतु जन्मगाव ठरविण्यासाठी त्यांचा उपयोग करू पाहणारा मनुष्य आंब्याच्या झाडास फणस मागतो.

निश्चित तारखेचा मोठा लिखित पुरावा पाहावयाचा, तर महाराष्ट्र सोडून पंजाबात जावे लागते. गुरू अर्जुनदेवांनी १६०४ साली सिद्ध केलेल्या आदिग्रंथात नामदेवांची ६१ पदे आहेत. पुजाऱ्यांनी हुसकावून लावलेल्या नामदेवांकडे देवळानेच तोंड फिरविले, ही कथा त्यांपैकी एका पदात येते. मराठवाड्यात हीच कथा औंढा नागनाथाच्या देवळाविषयी सांगतात. विसोबा खेचरांनी नामदेवांस उपदेश केला तोही तेथेच, अशी परंपरा आहे. पदात गावाचे नाव नाही. गाव परंपरेने जोडले. मग परंपरा खोटी ठरते काय? मुळीच नाही. ती परंपरा आहे एवढेच ठरते, आणि कोशात ती परंपरा म्हणूनच यावी. गुरदासपूर जिल्ह्यातील घुमान येथे नामदेवांचे उत्तरायुष्य गेले असे पंजाबी परंपरा सांगते, आणि २०१५ साली अठ्ठ्याऐंशीवे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन त्याच गावी भरले. त्या मंडपात जमलेल्या मराठी रसिकांपैकी कोणी घुमानकडे ताम्रपट मागितला नाही. लोकांची श्रद्धा आणि कोशातील नोंद यांचे मागणे वेगवेगळे आहे, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे पुष्कळसा राग निवळतो.

विद्वानांची साक्षही नेहमी निर्णायक असते असे नाही. सर रामकृष्णपंत भांडारकरांसारख्या अधिकारी पुरुषाने १९१३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात असे मत मांडले की, नामदेवांची मराठी ज्ञानेश्वरांच्या मराठीहून पुष्कळ अर्वाचीन दिसते, म्हणून नामदेव ज्ञानेश्वरांचे समकालीन नसून त्यांच्या मागाहूनचे असावेत. युक्तिवाद वजनदार होता. परंतु त्यात एक फट राहिली. ज्ञानेश्वरी ग्रंथ म्हणून जतन झाली. नामदेवांचे अभंग टाळमृदंगाबरोबर पिढ्यानपिढ्या गायले गेले, आणि गाणाऱ्याच्या तोंडी भाषा आपोआप नवी होत जाते. तेव्हा अभंगांची भाषा नवी यावरून गाणारे नवे एवढेच सिद्ध होते. कवी नवा हे सिद्ध होत नाही. भांडारकरांचे नाव मोठे म्हणून त्यांचे अनुमान वस्तुस्थिती होत नाही, आणि त्यांचे अनुमान मान्य नाही म्हणून त्यांचा ग्रंथ टाकाऊही होत नाही. हा तोल सांभाळणे हेच कोशकाराचे खरे काम होय, आणि ते फार थोड्यांस साधले आहे.

मराठीत ते काम प्रथम मोठ्या प्रमाणावर अंगावर घेतले डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाची पदवी घेऊन आलेल्या या गृहस्थाने १९१६ साली नागपुरास ज्ञानकोश मंडळ ही मर्यादित कंपनी काढली, भाग विकून भांडवल उभे केले आणि पुढे पुण्यास बिऱ्हाड हलवून १९२० पासून एकामागून एक असे २३ खंड महाराष्ट्राच्या हाती दिले. इंग्रजी कोशाचे भाषांतर करून मोकळे होणे त्यांस सहज शक्य होते. परंतु इंग्रजांचा कोश इंग्रजांस काय महत्त्वाचे वाटते ते सांगतो. मराठी माणसास काय जाणून घ्यावयाचे आहे ते त्यात नसते, हे त्यांनी ओळखले होते. म्हणून त्यांनी कोशाच्या नावातच महाराष्ट्रीय हा शब्द घातला. हा पक्षपात नव्हे काय, असे कोणी विचारील. होताच, पण तो उघड होता, दारावर पाटी लावलेला होता. वाचकास लेखकाचा कल आधीच ठाऊक असला म्हणजे तो सावधपणे वाचतो. पक्षपात नाही असे सांगून जो कोश वाचकाच्या हाती येतो, त्याच्या बाबतीतच अधिक जागे राहावे लागते.

ज्ञानकोशाची एक बाजू मात्र लंगडी राहणे अपरिहार्य होते, आणि ती हिंगोलीसारख्या मुलखाची. हा सारा प्रदेश त्या वेळी निजामाच्या राज्यात, परभणी जिल्ह्यात होता. सरकारी कारभार उर्दूत चाले. मराठी शाळा थोड्या, छापखाने त्याहून थोडे. इकडे मुंबई इलाख्यात विश्वनाथ काशीनाथ राजवाडे १८९८ पासून मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे खंड काढीत होते, गावोगाव हिंडून दप्तरे सोडवीत होते. पुण्यास १९१० साली भारत इतिहास संशोधक मंडळ निघाले होते. मुघलाईतील गावांविषयी मराठी कोशकाराच्या हाती येणारे सोयीचे छापील साधन म्हणजे बहुधा इंग्रजी गॅझेटियर. ज्या मुलखाचे कागद छापले गेले त्याचा इतिहास मोठा झाला, आणि ज्याचे कागद रुमालांतच राहिले तो मुलूख मुका ठरला. साधनांतील पक्षपात म्हटला की आपण कोणीतरी मुद्दाम केलेले खोटे लेखन डोळ्यांपुढे आणतो. परंतु मौनानेही पक्षपात होतो, आणि त्यास कोणी एक माणूस जबाबदार नसल्यामुळे तो दुरुस्त करणे अधिक कठीण जाते.

स्वातंत्र्यानंतर तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली वाई येथे मराठी विश्वकोशाचे काम सुरू झाले. त्याचा पहिला खंड १९७६ साली निघाला. येथे नोंदीखाली लेखकाचे नाव असते. वाचकास शंका आली तर कोणास विचारावयाचे हे ठाऊक आहे.

विकिपीडियाने नेमकी हीच सोय काढून टाकली. इंग्रजी विकिपीडिया १५ जानेवारी २००१ रोजी सुरू झाला आणि मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी. लेखक पुष्कळदा टोपणनावाने लिहितो. तो प्राध्यापक की शाळकरी मुलगा हे वाचकास कळत नाही. मग विश्वास ठेवावयाचा कशावर? त्यावर त्या मंडळींनी असा तोडगा काढला की, लेखक कोण हे पाहू नये, लेखकाने आधार कोणता दिला ते पाहावे. स्वतःचे संशोधन येथे लिहावयाचे नाही. छापून प्रसिद्ध झालेल्या विश्वसनीय ग्रंथाचे वा पत्राचे नाव द्यावयाचे. आणि मतभेद असेल तेथे सर्व महत्त्वाचे पक्ष त्यांच्या त्यांच्या वजनाप्रमाणे मांडावयाचे. आधार नसलेल्या विधानापुढे संदर्भ हवा अशी खूण केली जाते. प्रत्येक लेखास स्वतंत्र चर्चापान असते, जुनी आवृत्ती पुसली न जाता इतिहासात राहते, आणि इंग्रजी विकिपीडियावर एकाच माणसाने एका दिवसात तीनपेक्षा अधिक वेळा दुसऱ्याचे लेखन उलटवू नये असा दंडक आहे. मराठी मंडळींनी या व्यवस्थेस दिलेली नावे मोठी गोड आहेत: नवशिक्याने हात बसविण्याच्या जागेस ते धूळपाटी म्हणतात, आणि सर्वांनी जमून बोलण्याच्या जागेस चावडी. पंतोजींच्या शाळेतील धूळपाटी नाहीशी होऊन कित्येक वर्षे झाली. ती अशा रीतीने परत येईल असे कोणास वाटले असेल?

ही व्यवस्था अगदीच पोरखेळ आहे असेही नव्हे. नेचर या शास्त्रीय नियतकालिकाने २००५ साली विज्ञानविषयक ४२ नोंदी तज्ज्ञांकडून तपासून घेतल्या, तेव्हा विकिपीडियात १६२ आणि ब्रिटानिकासारख्या नावाजलेल्या कोशात १२३ चुका निघाल्या. ब्रिटानिकाच्या चालकांनी त्या तपासणीवरच आक्षेप घेतले. परंतु विज्ञानात उकळत्या पाण्याचे तापमान मोजता येते. इतिहासात मोजावयाचे काय? तेथे साक्षीदारच उलटतपासावे लागतात, आणि विकिपीडियाच्या नियमांची खरी परीक्षा तेथेच होते.

त्या परीक्षेतील सर्वांत कठीण प्रश्न मराठी माणसांनीच घातला. तो छत्रपती संभाजी महाराजांविषयीचा. महाराजांच्या स्वभावासंबंधी जी काळी चित्रे दीर्घकाळ प्रचलित होती, त्यांचा मोठा आधार म्हणजे मल्हार रामराव चिटणीस यांची बखर. ही बखर १८१० च्या सुमाराची, म्हणजे महाराजांच्या वधानंतर सुमारे सव्वाशे वर्षांनी लिहिलेली. आणि लेखक कोण? ज्या बाळाजी आवजी चिटणिसांस संभाजी महाराजांनी १६८१ साली कटाच्या आरोपावरून देहदंड दिला, त्यांचा वंशज. काळाने दूरचा आणि रक्ताने दुखावलेला, अशा साक्षीदाराची साक्ष कोणताही न्यायाधीश जपून ऐकेल. परंतु ग्रँट डफने १८२६ साली मराठ्यांचा इतिहास छापला तेव्हा त्याच्यापुढे अशा बखरी होत्या. डफच्या आधारे पुढे शाळांची पुस्तके झाली. शाळेच्या पुस्तकांवर वाढलेल्या पिढीतून नाटककार निघाले. अशा रीतीने एका बखरीचे दहा ग्रंथ झाले आणि दहा ग्रंथ सांगतात म्हणून गोष्ट खरी ठरली. वास्तविक दहा ग्रंथ म्हणजे दहा साक्षीदार नव्हेत. एकच साक्षीदार दहा पगड्या घालून दहा वेळा पिंजऱ्यात उभा राहिला होता.

हे पितळ उघडे पाडण्याचे श्रेय वासुदेव सीताराम बेंद्रे यांचे. त्यांनी १९२८ सालीच साधन-चिकित्सा नावाचा ग्रंथ लिहून, इतिहासाची साधने कशी पारखावी याचा विचार मांडला होता. शिवछत्रपतींचे म्हणून कित्येक वर्षे छापले जाणारे चित्र त्यांचे नसून इब्राहीमखान नावाच्या दुसऱ्याच गृहस्थाचे आहे, हे दाखवून देणारेही बेंद्रेच. एका पुस्तकातून दुसऱ्या पुस्तकात उतरत गेलेली चूक किती दीर्घायुषी असते, याचे याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण. पुढे १९६० साली त्यांनी संभाजी महाराजांचे मोठे चरित्र प्रसिद्ध केले, त्यामागून डॉ. कमल गोखले यांनी समकालीन कागदपत्रांवरून शिवपुत्र संभाजी लिहिले, आणि संस्कृत जाणणारा, बुधभूषण रचणारा, औरंगजेबाशी आठ-नऊ वर्षे अखंड झुंजणारा राजा वाचकांपुढे उभा राहिला. हे सारे काम कागद शोधून, तारखा जुळवून, विरोधी पक्षाचे म्हणणे छापून मगच झाले.

मात्र जुन्या चित्राचा राग त्याने शमला नाही. राम गणेश गडकरी यांच्या अपुऱ्या राहिलेल्या राजसंन्यास नाटकातील संभाजीचे चित्रण हे कारण सांगून २०१७ च्या जानेवारीत पुण्याच्या संभाजी उद्यानातील गडकऱ्यांचा अर्धपुतळा उखडून नदीत फेकण्यात आला. २०२५ च्या फेब्रुवारीत महाराजांच्या जीवनावरील चित्रपट गाजत असता लोकांनी विकिपीडियाचे पान उघडले, आणि तेथील काही विधाने वाचून संताप उसळला. राज्याच्या सायबर पोलिसांनी मजकूर काढण्याविषयी विकिपीडियाच्या चालकांस नोटीस दिली व पुढे काही संपादकांविरुद्ध गुन्हाही नोंदविला.

येथे दोन्ही बाजूंचे काही चुकले असे म्हणणे भाग आहे. लोकांची तक्रार निराधार नव्हती. छापील आधार दिला म्हणजे काम झाले, ही समजूत विकिपीडियाच्या कित्येक संपादकांत दृढ असते. आधार किती आहेत हे ते मोजतात. ते आधार एकमेकांपासून स्वतंत्र आहेत की एकाच बखरीची पिलावळ, हे मोजावयास बेंद्र्यांचे वाचन लागते, आणि ते वाचन मराठीत असल्यामुळे परदेशी संपादकाच्या आटोक्याबाहेरचे असते. इंग्रजीत छापलेले ते प्रतिष्ठित आणि मराठीत छापलेले ते स्थानिक, असा एक न बोललेला भेद तेथे चालतो. परंतु पोलिसांची नोटीस बखरीचे वय सांगू शकत नाही. बेंद्र्यांनी चिटणिसांची बखर जप्त करा असे म्हटले नाही. ती उघडी ठेवून तिच्यातील दोष दाखविले, म्हणूनच त्यांचे म्हणणे टिकले. उद्या तोच अंमलदार दुसऱ्या पक्षाच्या तक्रारीवरून बेंद्र्यांचे विधान काढावयास सांगेल, तर त्यास उत्तर कोणत्या तोंडाने द्यावयाचे?

विश्वसनीय ग्रंथ कोणता, या वादाचे आणखी एक टोक थेट मराठवाड्यात, हिंगोलीच्या अंगणात येऊन पोहोचले आहे. इंग्रजी विकिपीडियावर भारतातील जातींविषयी लिहिताना ब्रिटिश अमदानीतील गॅझेटियरे व जातिवर्णने सामान्यतः ग्राह्य धरीत नाहीत. त्यांची सामग्री पुष्कळदा ऐकीव, आणि माणसांच्या जातींकडे पाहण्याची त्या अंमलदारांची दृष्टी सदोष होती, असे कारण सांगतात. कारण चांगलेच आहे. इकडे मराठवाड्यात मात्र २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने निजामकाळातील कुणबी नोंदींचा शोध घेतला. मोडी आणि उर्दू कागद पुन्हा उघडले गेले. आणि २ सप्टेंबर २०२५ रोजी महाराष्ट्र शासनाने हैदराबाद गॅझेटियरच्या अंमलबजावणीचा निर्णय काढला. जे साधन एका दारी अग्राह्य, तेच दुसऱ्या दारी हजारो कुटुंबांच्या भवितव्याचा आधार. आरक्षणाचा प्रश्न कायद्याचा आहे. त्याचा निवाडा येथे करावयाचा नाही. परंतु गॅझेटियर विश्वसनीय आहे की नाही, असा सरसकट प्रश्न विचारणेच चूक आहे, एवढे यावरून दिसते. कोणत्या गावी शिरगणतीस किती माणसे मोजली गेली, यास गॅझेटियर चांगला साक्षीदार असेल. तीच माणसे कोणत्या स्वभावाची होती, यास तो वाईट साक्षीदार आहे. साक्षीदार खरा की खोटा असे ठरत नसते. कोणत्या प्रश्नापुरता खरा, असे ठरत असते.

औंढा नागनाथाचे देऊळ याच जिल्ह्यात. यादवकाळातील या देवळाचे गर्भगृह जमिनीखाली आहे. माथ्याचा भाग मागाहून बांधलेला. बारा ज्योतिर्लिंगांपैकी नागेश तो हाच, अशी महाराष्ट्राची श्रद्धा. गुजरात तो मान द्वारकेजवळच्या नागेश्वरास देतो आणि उत्तराखंड जागेश्वरास. स्तोत्रात दारुकावन असे म्हटले आहे, आणि दारुकावन कोठे हे प्रत्येक जण आपल्या घरून मोजतो. कोशात तिघांचीही नावे लिहिणे यात औंढ्याचा उणेपणा नाही. परंतु आपल्या गावाचे नाव एकटे राहावे म्हणून उरलेली दोन नावे पुसण्याचा मोह पुष्कळांस आवरत नाही, आणि ज्या प्रदेशाचे लोक संगणकावर अधिक संख्येने बसतात त्याचे नाव वर राहते.

या गर्दीत एक नवीच व्याधी उत्पन्न झाली आहे. कोणी हौशी लेखक विकिपीडियावर निराधार वाक्य घालतो. वर्तमानपत्राचा घाईत असलेला उपसंपादक ते वाक्य उचलून छापतो. काही दिवसांनी दुसरा कोणी ते छापील वर्तमानपत्र विकिपीडियास आधार म्हणून जोडतो, आणि संदर्भ हवा ही खूण निघून जाते. आता त्या वाक्यास आधार आहे! बखरीतील चुकीस प्रतिष्ठा मिळावयास जेथे शंभर वर्षे लागली, तेथे आता आठवडा पुरतो.

आणि नरसीचे काय? तेथील एखाद्या वृद्धास घराण्यातून ऐकलेली गोष्ट ठाऊक असेल, देवस्थानच्या इनामाचा एखादा मोडी कागद कोणाच्या पेटीत असेल. परंतु छापले गेले नाही तोवर विकिपीडियाच्या नियमाने ते नसल्यातच जमा. नियम कठोर आहे, आणि तो मोडावा असेही नाही, कारण तो मोडला तर पेटीतून काय काय निघेल यास सीमा नाही. उपाय आहे तो छापण्याचा. हैदराबादेच्या सरकारी अभिलेखागारात शहाजहान आणि औरंगजेब यांच्या काळापासूनचे दक्षिणेचे फारसी कागद आहेत, निजामी कारभाराचे दप्तर आहे. हिंगोली १९४८ च्या सप्टेंबरात निजामाच्या हातून सुटली, पुढे १९५६ मध्ये मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आली, १ मे १९९९ रोजी स्वतंत्र जिल्हा झाली. तिच्या गावांचे जुने कागद बहुतांशी तिकडेच राहिले. त्यांत नामदेवांचा जन्म कोठे झाला हे सापडणार नाही. सतराव्या शतकात नरसीस देऊळ होते काय, त्यास जमीन होती काय, यात्रा भरत होती काय, हे मात्र सापडू शकेल, आणि तेवढ्याने निदान परंपरेचे वय तरी कळेल. मोडी आणि फारसी या दोन्ही लिप्या वाचणारी माणसे आज मराठवाड्यात बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. शिंदे समितीच्या निमित्ताने मोडी वाचकांस पुन्हा मागणी आली. तोवर नरसीच्या नोंदीत परंपरेनुसार हा एक शब्द जन्मस्थळाच्या आधी घालावा लागेल. गावकऱ्यांस तो शब्द खटकेल. पंढरपूरकरांस आणि कऱ्हाडकरांसही आपापल्या नोंदीत तोच घालावा लागणार आहे.